मंगळवारचा उपास

मुक्ताबाईंच्या एकतीस ओव्या माझ्या प्रबंधात आहेत. परीक्षकांनी त्यातल्या दोन-तीन ओव्यांच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करून 'सुंदर' असं लिहिलं आहे. ऋणनिर्देशात मुक्ताबाईंचं नाव सातवं येतं. गाव शिराळा, सरकारी दवाखान्यात आया. तेवढं लिहिलं की सुटले, असं तेव्हा वाटलं होतं.

चौसष्ट सालचा मे महिना होता. एम.ए. होऊन मी बायकांच्या ओव्यांवर संशोधनासाठी नाव नोंदवलं होतं आणि सांगलीला विश्रामबागेतल्या मुलींच्या वसतिगृहात राहत होते. घर साताऱ्याला. वसतिगृहातल्या माझ्या खोलीत कपाटावर एक चषक होता. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत मला तो मिळाला होता. विषय होता 'जातिभेद आणि आजचा विद्यार्थी'. शेवटच्या वाक्याला टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नव्हत्या.

शिराळ्याला जायचं ठरलं ते शालूबाईंमुळं. शालूबाई म्हणजे माझ्या मैत्रिणीची थोरली बहीण, मूळच्या कराडच्या, शिराळ्याच्या दवाखान्यात नर्स. त्यांनी कळवलं होतं, "आमची आया फार छान गाते. येऊन जा, माझ्या खोलीवरच उतर." मी दोन जाड वह्या घेतल्या, चार पेन्सिली घेतल्या. आईनं मागे साताऱ्याहून दिलेला फिरकीचा पितळी तांब्याही पिशवीत घातला. तो देताना आई म्हणाली होती, "परगावी पाणी आपलं असावं. आणि कुणी खायचा आग्रह केला तर उपास आहे म्हणावं. समोरच्याला वाईट वाटत नाही आणि आपलंही राहतं." आईच्या या बोलण्याला मी तेव्हा हसले होते. मैत्रिणींना तिची नक्कलही करून दाखवली होती.

पेठ नाक्यावर गाडी बदलली. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, "नाग बघायला निघालाय व्हय?"

"नाही. गाणी गोळा करायला."

"नाग श्रावणात असत्यात," त्यानं माझं उत्तर ऐकलंच नव्हतं. "आता नुसता फुफाटा हाय बघा."

फुफाटा होताच. मोरणेचं पात्र दगडांवर उतरलेलं, बाजारपेठेतल्या दुकानांना गोणपाटाचे पडदे लावलेले, आणि त्या पडद्यांवर पाणी मारत बसलेली माणसं. मला सगळं फार आवडलं. वहीच्या पहिल्या पानावर मी गावाचं वर्णन लिहायला घेतलं. त्यात 'निरागस' हा शब्द दोनदा आला आहे. ती वही अजून माझ्याकडे आहे.

संध्याकाळी शालूबाईंनी मला मुक्ताबाईंबद्दल सांगितलं. नवरा धोंडिराम पलटणीत होता. सुटून आल्यावर छप्पन्न साली त्यानं दीक्षा घेतली आणि तीन वर्षांनी कावीळ होऊन गेला. मागे एकच मुलगी, अंजना. मुक्ताबाई दवाखान्यात लागल्या. आता अंजना मॅट्रिकला बसली होती आणि ती पास होणार याची तिच्या मास्तरांना खात्री होती.

"पण सांगलीला जायचं नाही म्हणते," शालूबाई म्हणाल्या. "नववीत शाळेची सहल गेली होती. तिथं पंगतीत हिला बाजूला बसवली, वेगळी पत्रावळ. पोरगी न जेवता परत आली. तेव्हापासून म्हणते, वसतिगृहात तसलंच असणार. मुक्ताबाई समजावून थकल्या. शिकलेली माणसं असलं मानत नाहीत, हे त्यांचं एकच टुमणं. तू तिथं राहतेस. तू सांग तिला."

"सांगते की," मी म्हटलं. "त्यात काय."

"आणि उद्या दुपारचं मी काही करत नाही हं. त्या तुला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. चारची गाडी आहे, तोवर निवांत बस."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, नऊ वाजता मी ओढ्यापलीकडच्या वस्तीत गेले. मुक्ताबाईंनी त्या दिवशी रजा टाकली होती. ते मला नंतर कळलं. घर दोन खणांचं, जमीन ताजी सारवलेली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली पलटणीच्या कपड्यातला धोंडिराम. दारात बाजेवर धुतलेलं धोतर अंथरून शेवया वाळत घातलेल्या. आत मुक्ताबाई तिरक्या पाटावर शेवया वळत बसल्या होत्या. पंचेचाळिशीची, काटक, सावळी बाई. हात मात्र शरीराच्या मानानं मोठे, लांब बोटांचे.

"या बाई," त्या म्हणाल्या. "हात गुतल्यात म्हनून उठत न्हाई. आंजे, पोतं न्हवं, ती सतरंजी टाक."

अंजनानं सतरंजी टाकली आणि दाराशी उभी राहिली. सतरा वर्षांची असेल. डोळे आईचेच, पण आईचे डोळे समोरच्याकडे थेट बघायचे, हिचे आधी समोरच्याच्या हातांकडे जायचे.

मी वही उघडली. मुक्ताबाई हसल्या. "गानी म्हना म्हनलं की घसा बसतोय बघा. पयलं जात्यावर आपुआप यायची. आता गिरन आली आन गानी घशातच ऱ्हायली. शेवयाच्या पाटावर तेवढी येत्यात."

"मग तुम्ही वळत राहा. मी बोलणारच नाही."

त्या वळत राहिल्या. पिठाचा गोळा तळव्याखाली फिरायचा आणि बोटांतून सूत निघाल्यासारखी शेवई लांबत जायची. थोड्या वेळानं त्या गुणगुणायला लागल्या आणि मग गाऊ लागल्या. आवाज गोड नव्हता. जाडसर होता, खाली खाली उतरणारा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या एक श्वास असा सोडायच्या की ओळ संपली असं वाटायचं नाही.

*शेवई वळते मी बाई, सूत निघतं लांब लांब,*
*लेक चालली शिकाया, वाटंवरी थोडी थांब.*

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझीच. कालच जुळली." त्या अंजनाकडे न बघता म्हणाल्या. "पर जिला सांगायची ती ऐकंना."

"मी ऐकते," अंजना दारातून म्हणाली. "तूच गातीस आन तूच रडतीस."

"रडतीय कोन? डोळ्यात पीठ गेलंय."

मधे मधे त्या स्वतःबद्दलही सांगत होत्या. दीक्षा घेऊन आल्यावर धोंडिरामनं देव्हाऱ्यातले देव टोपलीत काढले आणि मुक्ताबाईंनीच ती टोपली मोरणेला नेऊन सोडली. "पंधरा दीस सकाळी उठलं की हात त्या कोनाड्याकडं जायचा. मंग तितं आंजीची पुस्तकं ठिवली." गाण्यांतले देवही त्यांनी तसेच काढले होते. जिथं देवाचं नाव यायचं तिथं भावाचं, लेकीचं, आईचं नाव घातलं. मात्रा कुठं अडल्या नाहीत. मी हे सगळं भराभरा लिहून घेत होते. हा धागा माझ्या आधी कुणाला सापडला नसेल, असं मनात येत होतं.

दवाखान्याचं निघालं तेव्हा त्यांनी पिठाचे हात वर करून दाखवले. "ह्या गावातलं निम्मं बारकं पोर पयलं ह्या हातात आलंय. अडलेली बाई असली की मदनं आत, चुलीपातूर नेत्यात. बारा दिसांनी लुगडं न्यायला गेलं की मात्र उंबऱ्याच्या भाईर."

आणि त्या हसल्या. मीही हसले, कारण त्या हसल्या म्हणून.

बारा वाजत आले तशा त्या हात धुऊन चुलीपुढं गेल्या. मी अंजनाला जवळ बसवून घेतलं. वसतिगृहाबद्दल सांगितलं. खोल्या कशा आहेत, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, समोर निलगिरीची झाडं आहेत. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "जेवन कसं असतंय?"

"सगळ्या एका टेबलावर जेवतो," मी म्हटलं. ते खरं होतं. "कोण कुठली, कुणी विचारतसुद्धा नाही. तू ते मनातून काढूनच टाक. शिकलेल्या मुलींच्यात असलं काही राहिलेलं नाही."

चुलीपुढून मुक्ताबाईंनी मान वळवली. "ऐकलंस न्हवं? मी बोललं की खोटं वाटतंय. आता बाई काय म्हनत्यात ते ऐक."

अंजना पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे बघून हसली.

मग मुक्ताबाईंनी माझ्यापुढं पितळी ठेवली. शेवयांची खीर होती, गुळाची, दाट दुधातली, वर वेलदोड्याची पूड. पितळी चिंचेनं घासून इतकी लख्ख केलेली की कडेला माझी बोटं दिसत होती.

मी आजवर पुष्कळदा आठवून बघितलं आहे, त्या क्षणी मनात काय आलं. घाण वाटली का? नाही. भीती? तीही नाही. खिरीचा वास फार चांगला होता आणि मला भूक लागली होती. विचार करायला एक क्षण मिळाला असता तर मी खाल्लीही असती, असं मी स्वतःला सांगते. पण हात मांडीवरून उचललाच नाही, आणि तोंडातून आईचा आवाज आला.

"आज माझा उपास आहे."

चूल फुरफुरत होती. मुक्ताबाईंनी विचारलं, "मंगळवारचा?"

"हो. मंगळवारचा."

"देवीचा असंल," त्या म्हणाल्या. त्यांनी पितळी उचलली. घाईनं नाही, रागानं नाही. जशी ठेवली तशीच दोन्ही हातांनी उचलली आणि चुलीमागं झाकून ठेवली. "आधी इचारायला पायजे हुतं. चुकलंच माझं. आंजे, बाजारातनं चार केळी आन जा. केळ्याला साल असती. उपासाला चालतंय."

अंजना गेली. मुक्ताबाई पुन्हा पाटावर बसल्या, पण गायल्या नाहीत. मला तहान लागली होती. मी पिशवीतला तांब्या काढला, फिरकी उघडली आणि वरून पाणी प्याले. पिऊन झाल्यावर लक्षात आलं की त्या बघत होत्या.

अंजनानं आणलेली केळी मी खाल्ली. सालं सोलताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे मला इथं लिहायलाच हवं. नंतर वाटली ती लाज खरी असेल, पण आधी आली ती सुटकाच. अंजना समोर बसून बघत होती. आईनं तिला म्हटलं, "मंगळवार धरत्यात त्या. शिकलेल्या असल्या तरी देवाचं करत्यात की मानसं." म्हणजे माझी बाजू त्याच सावरून घेत होत्या.

मी एकच्या सुमाराला उठले. दवाखान्यात आले तर शालूबाई एका बाळंतिणीपाशी होत्या. दारातूनच त्यांनी विचारलं, "खीर खाल्लीस? मला ठेवलीय ना वाटीभर? दर वर्षी मी वाट बघत असते."

"छान होती," मी म्हटलं. दिवसातलं दुसरं खोटं. शालूबाईंना कुठल्या स्पर्धेत चषक मिळाला नव्हता.

खोलीवर खायला काही नव्हतं, आणि जेवून आले असं सांगितल्यावर मागताही येईना. पिशवी घेऊन मी तीनलाच एसटी स्टँडवर गेले. स्टँडला लागून एक हॉटेल होतं, पत्र्याचं, आत दोन बाकडी. कढईतून कांदाभजी निघत होती. मी एक प्लेट मागवली, चहा सांगितला. भूक लागली होती, मी भराभरा खात होते. तीन-चार भजी संपली असतील. मान वर केली तर हॉटेलच्या दारात मुक्ताबाई.

त्यांच्या हातात माझा फिरकीचा तांब्या होता. तो मी त्यांच्या घरी विसरले होते. तांब्याचा गळा त्यांनी फडक्यानं धरला होता, हात लागू नये असा. त्यांच्या मागं पाच-सहा पावलांवर अंजना येत होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं. मग मागं वळून, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आंजे, हितं ईऊ नगंस. फुडं जा, पेठची गाडी लागलीया का बघ. पाटी नीट वाच, न्हाईतर बाई भलत्याच गाडीत बसतील."

अंजना तिकडं वळली. मुक्ताबाई आत आल्या. तांब्या त्यांनी बाकड्याच्या कडेला ठेवला.

"रिकामाच आनलाय. नळावर भरून घ्या."

माझ्या बोटांना तेल लागलं होतं. "मुक्ताबाई, मी..."

"तोंड पुसा," त्या हळू म्हणाल्या. "पोरगी येतीया."

मी पदरानं तोंड पुसलं. हॉटेलवाल्यानं विचारलं, "काय मुक्ताबाई, आज हिकडं?" त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बाईंना पोचवाया आलो." मग माझ्याकडे वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या विनवत होत्या.

"तुमचं काय न्हाई बाई. आमाला सवय हाय. पर तिला तुमी सकाळी जे बोलला न्हवं, टेबलाचं, ते तेवढं तसंच ऱ्हाऊ द्या. ते मोडू नगा. जाईल पोरगी."

अंजना आली. "गाडी लागलीया. खिडकीची जागा हाय." बशी तोवर मुक्ताबाईंनी पाठीमागं सरकवली होती. तेलकट बशी, माझ्या उष्ट्या भज्यांची, त्यांनी स्वतःच्या हातानं.

गाडी सुटली तेव्हा दोघी खिडकीखाली उभ्या होत्या. मुक्ताबाई म्हणाल्या, "श्रावणात या. नाग बघाया." मी हो म्हटलं.

जूनच्या शेवटी अंजना आली. मॅट्रिकला तिला पंचाहत्तर टक्के मिळाले होते. वसतिगृहाच्या फाटकाशी ती पत्र्याची ट्रंक घेऊन उभी होती आणि काखेत एक डबा. मी धावत गेले, ट्रंकेची एक कडी धरली. खोलीत आल्यावर तिनं डबा माझ्यापुढं ठेवला.

"आईनं शेवया दिल्यात. वाळलेल्या. म्हनली, ताई आपल्या हातानं करून खातील."

मी त्याच संध्याकाळी स्टोव्ह पेटवला. दूध आणलं, गूळ आणला. खीर बिघडली. शेवया लगदा झाल्या आणि दूध बुडाला लागलं. दोन वाट्यांत वाढून घेतली आणि आम्ही खाटेवर समोरासमोर बसलो. मला वाटत होतं, ही वाटी संपली की काहीतरी फिटेल. मी मोठा घास घेतला.

अंजना वाटीत चमचा फिरवत होती. "आईच्यासारखी न्हाई झाली," ती म्हणाली.

"नाही झाली."

"ताई, एक सांगू? आईला मात्र कळवू नका." तिनं वर पाहिलं नाही. "त्या दिवशी स्टँडवर मी पाहिलं होतं. तुमी भजी खात हुता. पेठची पाटी काय, लांबनंच दिसती. वाचायला कितीसा वेळ लागतोय. आईला वाटतंय मला दिसलं न्हाई. तिला तसंच वाटू दे."

बाहेर जेवणाची घंटा झाली. जिन्यावर मुलींच्या चपला वाजत होत्या.

"तरी आलीस?" मी विचारलं.

"मला शिकायचं हाय," ती म्हणाली. "आन आई रोज गात हुती. किती दीस ऐकायचं."

तिनं तिची वाटी संपवली. माझी संपली नाही. एका घासानंतर मी चमचा वाटीतच टेकवला, आणि तिच्या समोर वाटी खाली ठेवताही येईना. शेवटी तिनंच माझ्या हातातली वाटी काढून घेतली, नळावर नेऊन दोन्ही वाट्या धुतल्या आणि पालथ्या घातल्या. मग आम्ही खाली जेवायला गेलो. लांब टेबलावर ती माझ्या शेजारी बसली. पलीकडच्या मुलीनं आमटीचं भांडं तिच्याकडं सरकवलं आणि नाव विचारलं. आडनाव विचारलं नाही. निदान त्या दिवशी तरी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंजनानं आईला कार्ड लिहिलं. मुक्ताबाईंना वाचता येत नाही, शालूबाई वाचून दाखवणार होत्या. कॉलेजच्या वाटेवरच्या पेटीत टाकायला तिनं ते माझ्याकडं दिलं. कार्ड उघडंच असतं, त्यामुळं मी वाचलं. सुखरूप पोचले, खोलीला खिडकी आहे, जेवण सगळ्यांबरोबर एका टेबलावर असतं. खाली, जागा उरली होती तिथं, बारीक अक्षरात एक ओळ होती.

'ताईंनी तुझ्या शेवयांची खीर केली आणि दोन वाट्या खाल्ली.'

मी ती ओळ पेटीपाशी पुन्हा एकदा वाचली. मग कार्ड टाकलं. श्रावणात मी शिराळ्याला गेले नाही, आणि नंतरच्या श्रावणातही नाही.